समासातल्या दुरुस्त्या

दिवस आखडू लागले आणि सकाळी होडीच्या फळ्यांवर दव साचू लागले, की मी नोंदवही उघडून सरत्या मोसमाचा हिशेब मांडायला बसतो. ही वही मी लिहितो आणि तिच्या समासात पत्नी पेन्सिलीने दुरुस्त्या करते. त्यामुळे उन्हाळाभर मित्रांना ऐकवलेल्या हकिगतींत मी कितीही लाटा कापत गेलेलो असलो, तरी वहीतल्या 24 नोंदींपैकी 9 नोंदींपुढे ‘वारा नाही’ आणि 6 नोंदींपुढे ‘वारा फार’ असेच लिहिलेले आढळते.

वाऱ्याशी माझे जमत नाही, हे आता मान्य करायला हवे. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. साधारण 45 अंश सोडून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असे नागमोडी वळत पुढे सरकावे लागते, हे पुस्तकात वाचताना मोठे चातुर्याचे वाटते. प्रत्यक्षात मला जिथे जायचे असते तिथूनच वारा येतो आणि परत फिरावे, तर तो पडतो. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याच्या जोराची श्रेणी आखायला घेतली. तिच्यात 0 म्हणजे आरशासारखे पाणी आणि 12 म्हणजे प्रलय. यंदाचा बराच काळ मी त्या आरशात स्वतःचेच तोंड पाहण्यात घालवला. या श्रेणीत 4 ला मी तरबेज दर्यावर्दी असतो, 5 ला आस्तिक होतो आणि 6 ला घरी असतो.

मधल्या एका नोंदीत ‘शीड यशस्वीरीत्या दुसऱ्या बाजूला घेतले’ असे माझ्या ठसठशीत अक्षरात आहे. वारा पाठीमागून असताना शिडाखालचा आडवा दांडा, ज्याला आम्ही बूम म्हणतो, क्षणार्धात या बाजूचा त्या बाजूला जातो, म्हणून सुकाणू धरणाऱ्याने आधी ओरडून इतरांना सावध करायचे असते. मी ओरडलो, पण नंतर, आणि तेही वेदनेने. समासात फक्त ‘टोपी, चष्मा’ एवढेच दोन शब्द आहेत.

मात्र यंदाचा खरा वाद वेगाचा होता. होडी जडावल्यासारखी चालत होती. आमच्यापेक्षा लहान होड्या आम्हाला मागे टाकून जाताना त्यांतली माणसे आपुलकीने हात हलवीत आणि ती आपुलकीच मला सहन होत नसे. सुकाणूवर पत्नी असल्यामुळे कारण शोधायला मला लांब जावे लागले नाही. “तू सुकाणू सारखे हलवतेस, म्हणून वेग मोडतो,” हे मी इतक्या वेळा आणि इतक्या अधिकाराने सांगितले, की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. जोशुआ स्लोकम यांनी 1895 ते 1898 या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, याचे लोकांना नवल वाटते. दोष द्यायला सोबत कोणी नसताना त्यांनी ती तीन वर्षे कशी काढली, याचे मला अधिक वाटते.

होडी पाण्याबाहेर काढण्याचा दिवस ठरला आणि अर्थातच त्याच आठवड्यात मोसमातला सर्वांत देखणा वारा सुटला. हवा गारठली होती, पण पाणी उशिरा निवत असल्याने अजून कोमट होते. अशा वाऱ्यात आम्ही दोघे धक्क्यावर उभे राहून क्रेनचे पट्टे होडीच्या पोटाखालून जाताना पाहत होतो.

होडी वर आली तेव्हा पाणी निथळता निथळता तिचा तळ दिसू लागला. त्यावर वीतभर हिरवी दाढी होती आणि तिच्या मुळाशी बार्नॅकलची दाट वस्ती होती. दिसायला शिंपल्यासारखा, पण कुळाने खेकड्या-कोळंबीचा असलेला हा जीव डोके खाली चिकटवून कवचात राहतो आणि पायांनी पाणी ढवळून अन्न तोंडात ओढतो. मोसमाच्या आरंभी तळाला शेवाळरोधक रंग देण्याचे काम माझ्याकडे होते आणि ‘पुढच्या रविवारी’ असे मी दोनदा म्हणाल्याचे मला त्याच क्षणी, नको इतके स्पष्ट आठवले.

पत्नीने होडीभोवती सावकाश एक पूर्ण फेरी मारली, सुकाणूच्या पात्यावरचे एक कवच नखाने खरवडून पाहिले आणि वही मागितली. समासात जागा उरलेली नव्हती, म्हणून तिने पुढच्या मोसमाचे कोरे पान उघडले.