अर्थची पिन कापायला सांगणारा तो मेसेज

काल मामाने एक फॉरवर्ड पाठवला, 'जुना व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प्लिफायर घरच्या घरी चालू करा, मेकॅनिकला पैसे देऊ नका', आणि खाली विचारलं, आज करू का? त्याच्याकडे लीक कंपनीचा स्टिरिओ २० अॅम्प्लिफायर आहे, त्यात स्पीकर चालवणारे चार ईएल८४ व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवणारे तीन छोटे ईसीसी८३ आणि एसीचं डीसी करणारा एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह, जीझेड३४, कित्येक वर्षं माळ्यावर बंद पडलेला. हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिलं होतं, पण आता मामा पक्कड शोधतोय म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

आधी तो मुद्दा ज्याने माणूस मरेल. मेसेज म्हणतो, स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची, कापून टाका. कापल्यावर आवाज जातो कधीकधी, हे मान्य. सीडी प्लेयर आणि अॅम्प्लिफायर दोघांना वेगवेगळं अर्थिंग असलं की लूप होतो, ५० हर्ट्झची घुरघुर येते आणि पिन काढली की लूप तुटतो. पण इतक्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन कधीही जाऊ शकतं आणि गेलं की २३० व्होल्ट थेट चासीवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर. अर्थ असेल तर फ्यूज उडेल, विषय संपला. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही, चासी लाइव्ह, तिला जोडलेली ऑडिओ वायरची जाळी लाइव्ह, टर्नटेबलचा धातूचा आर्मसुद्धा लाइव्ह, आणि करंटला जमिनीत जायला वाट कुठली, तर रेकॉर्ड लावायला हात पुढे करणारा माणूस! असलं काही 'घरगुती टिप' म्हणून कसं काय पाठवतात लोक?

मुळात बऱ्याचदा तो आवाज अर्थचा नसतोच. इनपुटच्या वायरी काढून बघा. तरीही आवाज तसाच असेल तर बहुतेक फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, कंडेन्सर सुकलेत, ती घुरघुर १०० हर्ट्झची असते. आणि खरंच लूप असेल तर जाणकार माणूस सिग्नलचा ग्राउंड छोट्या रेझिस्टरमधून चासीला जोडतो, चासी मात्र अर्थला घट्ट आवळलेलीच राहते.

मग म्हणे फिल्टरला ४७० एमएफडीचा (मायक्रोफॅराडचा) कंडेन्सर टाका, बास दुप्पट होईल. मुलार्डची जीझेड३४ ची डेटाशीट उघडा, पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ६० एमएफडी. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने छापलंय हे, माझं मत नाही. मोठा कंडेन्सर चार्ज होताना इतका करंट ओढतो की रेक्टिफायरमध्ये ठिणग्या पडतात, आणि चांगला जुना जीझेड३४ आज स्वस्तात मिळत नाही.

'नुसता प्लग लावून तासभर ठेवा, कंडेन्सर जागे होतात.' अर्धं खरं आहे. बंद पडलेला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर हळूहळू व्होल्टेज वाढवत सुधारता येतो कधीकधी, पण एकदम २३० देऊन नाही. व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटनेही इथे पूर्ण काम होत नाही, कारण जीझेड३४ चा फिलामेंट पुरेसा तापेपर्यंत कंडेन्सरला काही मिळतच नाही आणि तापला की बरंच व्होल्टेज एकदम जातं. त्याहून वाईट ते ईएल८४ च्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, जाणारे छोटे कपलिंग कंडेन्सर. ते लीक झाले की ग्रिडवर डीसी येतो, जेमतेम १२ वॉट सोसणारी व्हॉल्व्हची प्लेट लालभडक होते आणि तासभरात आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो, तो परत कुठून आणणार? म्हणून हे आधी बदलायचे आणि पहिल्यांदा चालू करताना साधा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, एलईडी नाही, म्हणजे आत गडबड असली तर करंट तोच अडवतो.

व्हॉल्व्हमध्ये लाखोंचं 'रेड मर्क्युरी' असतं म्हणे, त्या अफवेवर एक ओळ पुरे. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची ती चकाकी बेरियमची असते, उरलेली हवा शोषायला, लाखोंचं काही नसतं तिथे.

'ओरिजिनल पार्ट काढले तर किंमत जाते' यात थोडं तथ्य आहे. ट्रान्सफॉर्मर आणि चासीला हात लावू नका, काढलेले कंडेन्सर पिशवीत जपून ठेवा, पुढच्या माणसाला द्यायला.

आणि प्लग काढला म्हणजे झालं असं मेसेजमध्ये लिहिलंय, ते नाही. आत ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज बराच वेळ राहू शकतो. रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं, त्यानंतरच हात आत.