जपानी कारागिरीबद्दलच्या त्या मजकुरात काय चुकते आहे

मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सध्या वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा: जपानच्या ४७ प्रांतांनी आपापल्या हस्तकला हजार वर्षे जशाच्या तशा राखल्या, परक्यांकडून काहीही घेतले नाही, तिथले सरकार कारागिरांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून आयुष्यभर पगार देते, आणि म्हणूनच तिथे कारागिरी मरत नाही. लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या विणकर-कारागिरांची कळकळ आहे, हे मान्य. परंतु यातील एकही विधान टिकत नाही, आणि अशा कौतुकाखाली तिथल्या कारागिरांची आजची ओढाताण झाकली जाते, याचे मला वाईट वाटते.

आधी परक्यांबद्दल. सागा प्रांतातील आरिता हे गाव जपानमधील चिनी मातीच्या भांड्यांचे माहेरघर मानले जाते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत अनेक कोरियन कुंभारांना जपानी सरदारांनी आपल्या मुलखात आणले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी आरिताची भट्टी पेटली ती त्यांच्या हातून. त्यांच्यापैकी री सामपेई याची आरिताच्या देवस्थानात आजही पूजा होते. त्या देवस्थानाची कमानसुद्धा चिनी मातीची आहे. क्योतोच्या निशिजिन भागातील विणकरांची गोष्टही अशीच आहे. सम्राट तोक्योला गेल्यावर त्यांचे मोठे गिऱ्हाईक तुटले, तेव्हा १८७२ मध्ये त्यांनी फ्रान्समधील लिऑनला माणसे पाठवली आणि नक्षी विणणारे जकार्ड माग आणले. ‘जशीच्या तशी’ हा शब्दप्रयोग या दोन्ही ठिकाणी लागू पडत नाही.

पगाराचा मुद्दा थोडक्यात मिटतो. ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान एका वेळी देशभरात जेमतेम शंभराच्या आसपास व्यक्तींकडे असतो, त्यांतही नाट्य-संगीतातील कलावंत येतात, आणि त्यांना मिळणारे वर्षाचे २० लाख येन हे कौशल्य वाढवण्यासाठी व शिष्य तयार करण्यासाठी दिलेले अनुदान आहे. १९७४ च्या कायद्यानुसार ज्या हस्तकलांना सरकारी मान्यता मिळते, त्यांच्या संघटनांना प्रशिक्षण व विक्रीसाठी काही मदत होते. सर्वसाधारण कारागीर मात्र माल विकला गेला तरच जेवतो.

राहिले ते ‘कारागिरी मरत नाही’ हे विधान. सरकारी मान्यता असलेल्या हस्तकलांत १९७९ मध्ये सुमारे २ लाख ९० हजार माणसे होती. २०१६ पर्यंत ती सुमारे ६० हजारांवर आली. हे कसे घडते, हे इशिकावा प्रांतातील वाजिमा शहरातील, उरुशीचे (एका झाडाच्या चिकाचे) थर दिलेला एक वाडगा नीट पाहिला तरी कळते. त्याचे लाकूड एक जण लेथवर घडवतो. दुसरा कारागीर काठाला आणि बुडाला उरुशीत बुडवलेले कापड चिकटवतो, मग तिथल्याच डोंगरातील भाजून दळलेली माती उरुशीत कालवून थरावर थर देतो. घासणारा वेगळा, शेवटचा हात देणारा वेगळा, सोन्याची नक्षी करणारा आणखी वेगळा. शंभराहून अधिक टप्पे होतात. (उरुशी म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या लाखकामातील लाख नव्हे, ती लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक आहे, आणि तो उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो.) या साखळीतील एक जण जरी हात थांबवून बसला, तरी पुढच्या सगळ्यांचे काम अडते. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, वाजिमाच्या सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत जळाला, अनेक कार्यशाळा कोसळल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पुराने पुन्हा गाठले. ज्यांची कार्यशाळा शाबूत राहिली, त्यांनाही लाकूड घडवून देणाऱ्याची वाट पाहावी लागली.

आणि हा चीक तरी कुठला? जपानमध्ये वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून येते. देशात जी थोडी निघते, तिच्यातील मोठा वाटा एकट्या इवाते प्रांतातील जोबोजी परिसराचा आहे. राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेल्या वास्तूंच्या डागडुजीत देशी उरुशीच वापरावी, असे जपान सरकारच्या सांस्कृतिक विभागाने २०१५ मध्ये ठरवले, तेव्हा मागणी एकदम वाढली आणि झाडे अपुरी पडली. एक झाड चीक देण्याजोगे व्हायला दहा ते पंधरा वर्षे लागतात. मग एका हंगामात त्याच्या सालीवर चरे पाडत जेमतेम २०० ग्रॅम चीक गोळा होतो आणि ते झाड तोडावे लागते. म्हणून जोबोजीत आज रोपे लावली जात आहेत, ज्यांचा चीक २०३५ च्या पुढे हाती येईल, आणि तो काढायला तेव्हा किती हात असतील, यासाठी तिथे आत्तापासून शिकाऊ माणसे शोधली जात आहेत.