सर्वांत हलकं .४४ मॅग्नम घ्या आणि निर्धास्त जा? नाही!

"ग्रिझली अस्वलांच्या मुलखात एकट्याने शिकारीला जाताय? मिळेल ते सर्वांत हलकं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्या. त्याहून लहान गोळी म्हणजे आत्महत्या. अस्वलांवर मारायचा मिरचीचा स्प्रे ट्रेकिंगवाल्यांसाठी." एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा मोसम जवळ आला की अमेरिकेतल्या मोंटानात हा सल्ला हमखास फिरतो. यंदा तो मला मराठीत आला, यंदा पहिल्यांदाच डोंगरात एकटा जाणाऱ्या आपल्याच एका मुलाकडून. त्याच्यासाठी हे लिहितोय.

वजनाची काळजी रास्तच आहे. परतताना पाठीवर मांस असतं, तेव्हा पाव किलोही जाणवतो. पण स्मिथ अँड वेसनचं ३२९ पीडी हे .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर जेमतेम ७१० ग्रॅमचं. पूर्ण ताकदीचं काडतूस झाडलं की सगळा धक्का हातावर. मी मित्राचं असंच एक हलकं रिव्हॉल्व्हर नेमबाजीच्या रेंजवर चालवून पाहिलं. पहिली गोळी कागदाला लागली. दुसरी कुठे गेली ते कळलं नाही. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली आणि तिसऱ्या बारानंतर सिलिंडर फिरेचना. न उडालेल्या काडतुसातली गोळी धक्क्यांनी पुढे सरकून अडकली होती. पुढे सरकली होती किती, तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी! हलक्या मॅग्नममध्ये हे होतं हे जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक आहे. विकत घेणाऱ्या नवख्याला कुणी सांगत नाही.

लहान गोळी म्हणजे आत्महत्या? २०१६ मध्ये अलास्कात एका मुरलेल्या गाइडने चालून आलेलं तपकिरी अस्वल (ग्रिझलीही त्याच जातीची) ९ एमएम पिस्तुलाने मारलं. म्हणून ९ एमएम घे, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याकडे पसरणारी नव्हे, तर कठीण शिशाची, खोल शिरणारी गोळी होती, आणि हात स्थिर होता. ग्रीनलंडमधली डेन्मार्कची सिरियस ही लष्करी गस्त ध्रुवीय अस्वलांसाठी १० एमएमचं ग्लॉक २० पिस्तूल बाळगते. ते १५ काडतुसांसह सुमारे १.१ किलो भरतं. माझी पसंती त्यालाच. अस्वल ३० मीटर अंतर दोन सेकंदांत कापतं, तेवढ्यात दुसरी गोळी नेमाने सुटली पाहिजे.

स्प्रेबद्दल तर सरळ चुकीचं सांगितलंय. अलास्कातल्या घटनांच्या २००८ च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा आवरलं. २०१२ च्या अभ्यासात हँडगनचं, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं, यश ८४ टक्के होतं. दोन्हींतल्या घटना सारख्या नाहीत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नये. वारा तोंडावर असेल तर स्प्रे आपल्याच डोळ्यांत येतो हेही खरं. पण तो कमरेला हवाच.

आणि त्या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही ते सर्वांत महत्त्वाचं: हत्यार कुठे असतं? एल्क सोलताना तू वाकलेला असतोस, हात कोपरापर्यंत रक्ताने बुळबुळीत, पाठपिशवी झाडाला टेकवलेली. ग्रिझली त्याच वासावर येते. सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटन विल्डरनेसमध्ये अशाच वेळी एक गाइड मारला गेला. त्याचं पिस्तूल होतं, पण अंगावर नाही, थोड्या अंतरावर ठेवलेल्या सामानापाशी. म्हणून होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, छातीवरचं घे, पिशवी उतरवली तरी अंगावर राहणारं. शनिवारी रेंजवर ये. हातांना तेल लावून, वाकलेल्या स्थितीतून पिस्तूल काढायचा सराव आधी रिकाम्या पिस्तुलाने करू.