फुलबाजीलाही कायदा लागू होतो

फटाक्यांवरून दरवर्षी भांडण होतं ते आवाजाचं. सुतळी बॉम्ब, माळा, रात्री बारापर्यंतचा धडाका. फुलबाजीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. "फुलबाजीच तर आहे" म्हणत आपण ती तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने अंगणात विझलेल्या फुलबाजीच्या तारेवर अनवाणी पाय ठेवला. तार काळी पडलेली, गार झाली असेल असंच वाटावं. तळव्यावर सरळ रेघ उमटली आणि बघता बघता ती फोडासारखी फुगली. "मावशी, ती विझली होती ना गं?" एवढंच ती रडत रडत विचारत राहिली. जळती फुलबाजी हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते. जळक्या तारा टाकायला पाण्याची बादली ठेवायला हवी होती. मी ठेवली नव्हती.

त्यानंतर मी नियम वाचून काढले. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशातलं 'रात्री ८ ते १०' तेवढं आपल्या लक्षात राहिलं. त्याच आदेशात बेरियमच्या क्षारांवर बंदी आहे, माळांवर आहे, ऑनलाइन विक्रीवर आहे. विक्री फक्त परवानाधारकाकडून. बंदी असलेले फटाके वाजले तर त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख व्यक्तिशः जबाबदार. आणि बेरियम नायट्रेट हे तर फुलबाजीतलं नेहमीचं रसायन! म्हणजे हा कायदा थेट आपल्या पोरांच्या मुठीपर्यंत येतो. धुराचंही तसंच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने धूर मोजला, तेव्हा सगळ्यात वाईट निघाली ती आवाज न करणारी नागगोळी.

नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, कमी धूर करणारे हरित फटाके तयार केले. त्यांच्या खोक्यावर नीरीचा लोगो आणि क्यूआर कोड असतो. मी एका स्टॉलवर विचारलं. "ताई, आता सगळं ग्रीनच येतं." खोक्यावर हिरवं पान छापलेलं होतं. कोड कुठेच नव्हता.

आता हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? स्टॉलला परवाना देणाऱ्यांनी वसुबारसेच्या आधी येऊन एकेक खोका उघडून बघावा, कोड नसेल तो माल तिथेच बाजूला काढावा. गल्लीत मुलं फटाके उडवायला लागल्यावर पोलिसांची गाडी फिरवून काही हाती लागत नाही. आमच्या नगरपालिकेला मी हेच लिहून दिलंय. तुमच्या गावात अशी तपासणी होत असेल तर कशी होते, ते खाली नक्की सांगा. मला त्या अर्जाला जोडायचंय.