उचलली जीभ, सांगितला रेट

आवाजाच्या धंद्यात उतरलात, अभिनंदन. लवकरच मेसेज येईल: 'हाय, दोन मिनिटांचा व्हॉइसओव्हर आहे. चार्जेस?' बस, एवढंच. कशासाठी, कधीपर्यंत, स्क्रिप्ट तयार आहे का, काही नाही. तुम्हीही विचारू नका. प्रश्न विचारणारा कलाकार माजलेला वाटतो. ताबडतोब आकडा पाठवा आणि खाली लगेच 'कमी-जास्त करू' असं लिहून टाका. घासाघीस करायचे क्लायंटचे कष्ट तेवढेच वाचतात.

हिशेब सोपा ठेवा. निवेदनाच्या साध्या वेगात मिनिटाला १५०च्या आसपास शब्द जातात, म्हणजे हे काम जेमतेम ३०० शब्दांचं. स्क्रिप्ट आधी वाचून काढणं, आडनावांचे उच्चार विचारून घेणं, पंखा बंद करून घाम गाळणं, शेजारचा कुत्रा गप्प होण्याची वाट बघणं, मग ओठांचे टिचटिच आवाज एकेक करून कापणं, याला काम म्हणत नाहीत. ऑडिओबुकवाले तर तयार तासाला, म्हणजे एडिट होऊन ऐकायला तयार झालेल्या तासाला पैसे देतात. त्या तासात ९,००० शब्द मावतात आणि तो तयार करायला पाच-सहा तास सहज जातात, पण ते तुमच्या हौसेचे.

'हे कुठे वाजणार?' हा प्रश्न मात्र चुकूनही तोंडातून निघता कामा नये. तेच तीस सेकंद कंपनीच्या आतल्या ट्रेनिंगला वाजले तर एक भाव, टीव्हीवर वर्षभर जाहिरात म्हणून वाजले तर दुसरा. माध्यम कोणतं, प्रदेश किती, मुदत किती, यावर पैसे ठरतात आणि मुदत संपली की पुन्हा पैसे घेतात, अशी रीत आहे खरी. पण तुम्हाला भांडकुदळ व्हायचंय का? करारात 'सर्व माध्यमं, सर्व जग, कायमस्वरूपी' दिसलं की डोळे मिटून सही करा. एका बँकेच्या जाहिरातीत तुमचा आवाज कायमचा वाजत राहिला की दुसरी बँक तुम्हाला बोलावणार नाही. तेवढीच विश्रांती.

सुझन बेनेट या अमेरिकन कलावतीचं बघा. जुलै २००५ मध्ये तिने रोज चार-चार तास बसून वाक्यं रेकॉर्ड केली. फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेसाठी असतील, असा तिचा समज. २०११ मध्ये आयफोनवर सिरी ही आवाजी मदतनीस बोलू लागली आणि तो आपलाच आवाज असल्याचं तिला दुसऱ्या एका कलाकाराकडून कळलं. आवाजाचा वापर कुठे-कुठे होणार हे आधीच लिहून घेतलं असतं, तर केवढ्या सरप्राइजला मुकली असती बिचारी! हल्ली तर करारातच एक बारीक ओळ असते, तुमच्या आवाजावर मशीनला शिकवण्याची. अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्यांनी एआयच्याच मुद्द्यावर जुलै २०२४ मध्ये संप पुकारला आणि तो जवळपास वर्षभर चालला. रिकामटेकडे असतात लोक.

सॅम्पल मागितलं तर पूर्ण स्क्रिप्टचंच द्या, स्वच्छ एडिट करून. कधीकधी त्यानंतर क्लायंट गायबच होतो. काम आवडल्याची ती खूण समजावी.

काम मिळालंच तर रिटेकची संख्या ठरवू नका. रात्री उशिरा निरोप येईल, 'एनर्जी वाढवा, पण शांत वाटलं पाहिजे.' वाढवा. मग शांत व्हा. दोन दिवसांनी नवी स्क्रिप्ट येईल. निम्मी वाक्यं बदललेली असतील आणि विषयाच्या जागी 'छोटंसं करेक्शन' असेल. चूक त्यांच्या लिहिण्यात होती हे खरं, पण बोललात तर तुम्हीच ना?

अ‍ॅडव्हान्स मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, म्हणून फाइल आधी पाठवा, इनव्हॉइस सावकाश. पैशांची आठवण केलीत की 'अकाउंट्सला सांगितलंय' असं उत्तर येईल. या अकाउंट्सला आजवर कोणी पाहिलेलं नाही. तुम्ही धीर धरा. तोवर त्याच क्लायंटने तुमचा नंबर चार मित्रांना दिलेला असेल: 'आवाज मस्त आहे, आणि काहीच विचारत नाही.'