'अर्थ कोंबण्याची हौस' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यान श्वान्कमायेर या चेक दिग्दर्शकाच्या 'संवादाच्या शक्यता' या अ‍ॅनिमेशन लघुपटावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: "जिथे अर्थ नाही तिथे तो कोंबून रसिक म्हणवून घ्यायची हौस दिसते." शिवाय साल चुकलंय, लेख लांबलाय, श्वान्कमायेर ज्या कलाप्रवाहातला तो अतिवास्तववाद म्हणजे काय ते सांगितलेलंच नाही, असंही.

साल चुकलं, मान्य. लघुपट १९८२चा, १९८३ साली त्याला बर्लिन चित्रपट महोत्सवात लघुपटासाठीचं गोल्डन बेअर पारितोषिक मिळालं. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण 'हौस'? लेख पटला नाही, तर तसं सांगा. मी कशासाठी लिहितो हे तुम्ही कुठून ठरवलंत? ओळखदेख नसलेल्या माणसाशी असं बोलायची पद्धत आहे का?

आमच्याकडे शाडूच्या गणपतीच्या मूर्ती व्हायच्या. आठव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून मी माती मळली आहे. मूर्ती झाली की पाटावर थोडी माती उरायचीच. वडील ती कधी टाकू द्यायचे नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला लावायचे. म्हणून लघुपटाच्या दुसऱ्या भागात माझी नजर उरलेल्या मातीकडेच गेली. मातीचा पुरुष आणि मातीची बाई एकमेकांत विरघळतात, पुन्हा वेगळे होतात, आणि टेबलावर एक एवढासा गोळा उरतो. तो तिला बिलगायला जातो, ती ढकलते. त्याच्याकडे जातो, तोही झिडकारतो. मग दोघं तोच गोळा एकमेकांवर भिरकावतात आणि शेवटी एकमेकांना ओरबाडून लगदा करून टाकतात. हा गोळा मी कोंबलेला नाही. तो पडद्यावर आहे. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे चोवीस स्थिर छायाचित्रं धरली, तर त्याचं ते केविलवाणं सरकणं कुणीतरी हाताने कणाकणाने केलंय. इतके कष्ट कुणी उगाच घेत नाही.

चेकोस्लोव्हाकियात या लघुपटावर बंदी आली. तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या विचारप्रणाली समितीला तो 'असं चालणार नाही' याचा नमुना म्हणून दाखवला गेला. त्या लोकांना त्यात काहीच दिसलं नसतं, तर ते एवढे बिथरले नसते.

अतिवास्तववादाची व्याख्या कुठल्याही कोशात मिळेल. लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पुन्हा लिहिलंत तर त्या गोळ्याबद्दल लिहा, मी जरूर उत्तर देईन. माझ्या हौशीबद्दलची पुढची प्रतिक्रिया मात्र इथे राहणार नाही.