‘सोसवेल इतकं कढत’ – पण सोसणं कळणार कुणाला?

माझी मावशी देवगड तालुक्यात राहते. वय ७१, मधुमेह १६ वर्षांचा. गेल्या महिन्यात तिच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला आणि चौथ्या दिवशी तिच्या डाव्या तळपायाची कातडी सोलून निघाली. काल तोच मेसेज आमच्या कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर आला, खाली हात जोडलेले, म्हणून आता गप्प बसवत नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. ‘होमिओबॉक्स’ हे होमिओपॅथीचं जनुक आहे. तेच संवेदनेच्या नसा तयार करतं. मधुमेहात ते झोपी जातं आणि पाय बधिर होतात. त्याला जागं करायला समुद्राचं पाणी सोसवेल इतकं कढत करून पहाटे अर्धा तास त्यात पाय बुडवायचे, मग मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळायचं, असं २१ दिवस. इटलीत एका कुटुंबात हे जनुक पूर्ण जागं असल्यामुळे त्यांना वेदनाच होत नाहीत. आणि गोळ्यांचा धंदा बुडेल म्हणून डॉक्टर हे सांगत नाहीत.

नावापासून सुरुवात करू. होमिओबॉक्सचा होमिओपॅथीशी काडीचा संबंध नाही. विल्यम बेटसन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८९४ साली ‘होमिओसिस’ हा शब्द वापरला तो शरीराचा एक भाग दुसऱ्या भागासारखा होण्यासाठी. फळमाशीच्या डोक्यावर मिशीच्या जागी पाय उगवतो, तसं. असले घोटाळे ज्या जनुकांमुळे होतात त्यांच्यात डीएनएच्या १८० अक्षरांचा एक सारखाच तुकडा १९८०च्या दशकात सापडला, त्याला होमिओबॉक्स म्हणतात. दोन्ही शब्दांत ‘सारखा’ या अर्थाचं एकच ग्रीक मूळ आहे, एवढं मान्य. आणि हे एक जनुक नव्हे. माणसात असा तुकडा असलेली दोनशेहून जास्त जनुकं आहेत.

त्यातली काही संवेदनेच्या नसा घडवतात, हे मात्र खरं. उदाहरणार्थ बीआरएन३ए. आईच्या पोटात पाठीच्या कण्यालगत संवेदी पेशींच्या गाठी तयार होत असतात, तेव्हा हे जनुक इतर जनुकांना हुकूम देतं: तू चालू हो, तू बंद हो. १९९६ साली हे जनुक नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. ती पिल्लं जन्मल्यावर दिवसभरातच मरत, त्यांना धड दूधही ओढता येत नसे आणि संवेदी पेशी मोठ्या संख्येने नाहीशा झालेल्या असत. मोठेपणीही हे जनुक अगदी निकामी बसत नाही, तेही कबूल. पण मधुमेहात पाय बधिर होतात ते हे जनुक झोपल्यामुळे नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांचे तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. सगळ्यांत लांब तंतू आधी जातात, म्हणून बधिरपणा बोटांपासून मोजा चढवल्यासारखा वर येतो.

आता तो कढत पाण्याचा मुद्दा. पायाला स्पर्श कळतो तो ज्या पेशीमुळे, ती पेशी पायात नसतेच. ती कमरेजवळ, कण्याच्या बाजूच्या गाठीत असते, आणि तिचा जवळपास मीटरभर लांब तंतू तळपायापर्यंत आलेला असतो. जनुकं असतात पेशीच्या केंद्रकात, म्हणजे तिकडे वर, कमरेपाशी. घमेल्यात पाय बुडवून तुम्ही कुठलं जनुक जागं करणार? शिजते ती फक्त कातडी.

आणि ‘सोसवेल इतकं’ हे शब्द लिहिणाऱ्याला मला समोर बसवून विचारायचं आहे. ज्याचा पाय बधिर आहे त्याला काय सोसवत नाही? त्याला सगळंच सोसवतं! मावशीने न्हाणीत नारळाची सोडणं पेटवून हंडाभर पाणी तापवलं, विसण घातलं नाही, आणि पायानेच अंदाज घेतला. ‘गो बाय, माका पाणी कोमटच लागला,’ असं ती मला म्हणाली. सुनेला लादीवर ओल्या, चिकट पावलांचे ठसे दिसले तेव्हा कळलं. मी पोहोचले तेव्हा टाचेपासून चवड्यापर्यंत एकच फोड फुटलेला होता, कातडी तापल्या दुधावरच्या सायीसारखी सुरकुतून एका बाजूला गोळा झाली होती, आणि मावशी शांतपणे तांदूळ निवडत होती. तिला दुखतच नव्हतं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

इटलीचं कुटुंब खरं आहे, गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी इतरांसोबत त्यांचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आला. तीन पिढ्यांतल्या सहा जणांच्या झेडएफएचएक्स२ या होमिओबॉक्स जनुकात एका जागी बदल आहे. जनुक ‘पूर्ण जागं’ वगैरे काही नाही, त्यात बिघाड आहे. या लोकांची हाडं मोडतात आणि त्यांना पत्ता लागत नाही. भाजतं, तेही कळत नाही. मेसेजवाल्याने हा अभ्यास वाचला असता तर कढत पाण्याचं वाक्य लिहायला त्याचा हात धजावला नसता.

मुठेलाबद्दल तक्रार नाही. भेगांना आम्हीही लावतो. भाजल्यावर, फुटलेल्या फोडावर नाही लावायचं. डॉक्टर लपवतात म्हणावं, तर बारावीच्या पोरांनाही मी मधुमेहाने नसा जातात हे शिकवते.

बधिरपणा कधीच सुधारत नाही असंही मी म्हणत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही पायांना मुंग्या येतात आणि वेळेत उपचार झाले तर फरक पडतो. ते रक्त तपासून कळतं. अंगावर फिकट बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, पण असल्या मेसेजच्या नादाने महिने वाया गेले तर नस कायमची जाते. पायाची संवेदना बघायला डॉक्टरकडे नायलॉनचा एक दोरा असतो, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. डोळे मिटायचे आणि तो टेकलेला कळला की सांगायचं. दोन मिनिटांचं काम. मावशीची ही तपासणी १६ वर्षांत पहिल्यांदा झाली, ती भाजल्यानंतर. दहापैकी तीन जागी तिला दोरा कळला.

परवा तिचं नववं ड्रेसिंग झालं. जखम कडेने भरते आहे, टाचेकडे अजून ओली आहे. आंघोळीच्या पाण्यात आता सून आधी हात घालून बघते. वाडीच्या ग्रुपवर मेसेज अजून तसाच आहे, खाली सतरा अंगठे. ज्याने तो टाकला त्याने तो काढावा आणि त्याच ग्रुपवर लिहावं की बधिर पाय गरम पाण्यात घालू नका.